गयामावशी वळली नाही

गयामावशीवर माझा राग आहे. आठ वर्षं झाली, तरी तो उतरलेला नाही. परंड्यात सगळ्यांना माहीत आहे की शोभाबाईचा राग लवकर चढतो आणि लवकर उतरतो. हमालाशी, टेम्पोवाल्याशी, आडत्याशी मी सकाळी भांडते आणि दुपारी त्यांच्याच बाकावर बसून चहा पिते. मावशीने मला भांडूच दिलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

भाव करणं हे माझं काम. आठवडी बाजारात पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडून सुरुवात केली, आज माझं चिंचेचं आणि कांद्याचं शेड आहे. मला कुणी काही दिलं नाही, जे मिळवलं ते घासाघीस करून. बाजाराची एक रीत असते. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, आपण नाही म्हणतो, ते उठून चालू लागतं. दहा पावलांत एक तर ते वळतं, नाहीतर आपण हाक मारतो. कोण वळणार, हे मला पाठीवरून कळतं. वळणाराची चाल मंद असते, त्याचा कान मागं असतो. आणि ज्याला घ्यायचंच नसतं तो चालत नाही, उठतही नाही. तो म्हणतो, “बघतो.” बघतो म्हणजे नाही. बाजारात हे लहान पोरालाही कळतं.

प्रिया, माझी मुलगी, आठ महिन्यांची असताना मी पहिल्यांदा मावशीच्या दारात गेले. नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर होता, सहा-सहा महिने बाहेर. घरात तिसरं माणूस नाही. मी भाजी विकायचे आणि प्रिया माझ्या पाठीमागं पाटीत निजायची. एका दुपारी मी तिच्या तोंडातून तिने चावलेली हिरवी मिरची काढली. पोर काळंनिळं होईस्तोवर रडलं आणि समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, आधी माझी जुडी दे. अंगणवाडी होती, पण ती तीन वर्षांपुढच्या लेकरांची, आणि दुपारीच सुटायची. मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस दुपारी सुटत नाही.

मावशीचं घर किल्ल्याच्या बाजूच्या बौद्ध वस्तीत होतं. एक खोली, पुढं पडवी, भिंतीवर बुद्धाचं लहानसं चित्र. मावशी पन्नाशीची, उंच, वाळकी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याकडं कंपनीत. पडवीत सात-आठ लेकरं होती आणि आवाज मात्र एका घरचा असावा तेवढाच.

मी सवयीप्रमाणे सुरुवात केली. मी काही दिवसभर ठेवणार नाही, बाजारापुरतंच ठेवीन, तर अर्ध्या दिवसाचे अर्धेच घ्या.

मावशीने प्रियाला माझ्याकडून घेतलं, तिच्या पायांचे तळवे बघितले, आणि मला विचारलं, “अर्धं पोर ठेवतीस का पुरं?”

मी म्हणाले, पोर पुरंच, दिवस अर्धा.

“मंग मला पुरंच संभाळावं लागंल,” ती म्हणाली, आणि आत वळली. माझं बोलणं अजून बाकी होतं. माझ्या आयुष्यात भाव न करता मी दिलेली ती पहिली किंमत. घरी जाताना मला चरफडायला झालं होतं.

पुढं मला कळलं की सगळ्या आयांना तोच भाव, आणि तोही इतका कमी की त्यात काय पाडायचं. ज्या बाईला तेवढंही झेपत नसे ती शेंगा आणायची, तुरीची डाळ आणायची, कधी नुसतं जळण. मावशी ते उचलून आत ठेवायची, किती आहे ते बघायचीसुद्धा नाही. पण परवडत असून कमी करून मागितलं की ती बहिरी व्हायची. नडलेली बाई आणि घासाघीस करणारी बाई तिला दारातच वेगळ्या ओळखू यायच्या. मी कोणत्या रांगेत, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तिच्या काही रीती होत्या आणि त्या मोडलेल्या तिला चालत नसत. रांगत्या प्रत्येक लेकराच्या पायाला ती काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक घुंगरू बांधायची. स्वतः चुलीपाशी असली तरी कोणतं पोर कुठं गेलं ते तिला आवाजावरून समजायचं. घुंगरू थांबलं की ती उठायची. ती म्हणायची, रडणाऱ्या पोराचं भ्या न्हाय, गप बसल्यालं पोर बघाया पायजे. संध्याकाळी आई आली की मावशी आधी घुंगरू सोडून एका कापडी पिशवीत टाकायची, आणि मग लेकरू आईच्या हातात द्यायची. हातातच. रस्त्यावरून “चल गं” म्हणून हाक मारलेली तिला खपत नसे. “हातात दिलंस, हातात घे,” म्हणायची. एकदा मी घाईत होते, टेम्पो उभा होता, मी रस्त्यावरून हाक मारली. तिने प्रियाला सोडलं नाही. मी चार शिव्या हासडत पायऱ्या चढले, हात पुढं केले, तेव्हा कुठं तिने पोर दिलं. आणि शांतपणे म्हणाली की पोरीच्या अंगात दुपारपासून कसर आहे, रात्री अंग पुसून घे. मी रस्त्यावरून नेली असती तर हे मला कुणी सांगितलं असतं?

वस्तीबाहेरच्या बाया तिच्याकडं लेकरं ठेवायच्या, पण सगळ्यांच्या घरी ते सरळ नव्हतं. एका बाईची सासू आली आणि म्हणाली, आमचं नातवंड ठेवा, पण तुमच्या माठातलं पाणी पाजू नका. मावशी चिडली नाही. ती म्हणाली, बरं, मग तुमीच येऊन पाजा, उन्हाचं तासातासाला लागतं. म्हातारी हट्टाची होती. एक हात कमरेवर, एका हातात तांब्या, अशा तिने दोन दिवस येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. पोरानं माठातलं पाणी पिलं. मावशीने ही गोष्ट कधी हसून सांगितली नाही, मीच ती बाजारभर सांगत फिरले. पण लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते की पहिले तीन महिने प्रियाचं पाणी मीही घरून बाटलीत द्यायचे. उकळलेलं असतं, असं सांगायचे. मावशी बाटली घ्यायची आणि फडताळात ठेवायची. चौथ्या महिन्यात मी बाटली विसरले, तेव्हापासून प्रिया माठातलंच पाणी प्यायली.

चिंचेच्या धंद्यात मी पडले तेव्हा प्रिया शाळेत जाऊ लागली होती. चिंच फोडणं हे बायांचं काम. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, ठोकून चिंचोका बाहेर पाडायचा. वीस-बावीस बाया शेडात ओळीनं बसत आणि त्यांची लेकरं त्यांच्याभोवती. एक दिवस मंगल नावाच्या बाईच्या धाकट्या पोरानं चिंचोका नाकात घातला. बायांनी गलका केला, कुणी काडी आणली, कुणी पोराला उलटं धरलं, चिंचोका आणखी आत गेला. मी मोटारसायकलवाल्याला दवाखान्यात न्यायला ओरडत होते, तेवढ्यात कुणीतरी मावशीला बोलावलं. तिने सगळ्यांना बाजूला केलं, पोराला मांडीवर घेतलं, त्याची मोकळी नाकपुडी बोटानं दाबली आणि तोंडाला तोंड लावून एक जोराची फुंकर मारली. चिंचोका तिच्या गालावर येऊन बसला. तिने तो पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

“तुझ्या शेडाला म्होरं दोन खोल्या हायत,” ती म्हणाली.

मला ते पटलं, दयेनं नव्हे, फायद्यानं. ज्या बाईचं पोर नजरेआड पण नीट आहे, तिचा हात न थांबता चालतो. मी एक खोली दिली. मावशी पिशवी, दोन झोळ्यांची लुगडी आणि बुद्धाचं चित्र घेऊन शेडात आली. खिडकीला जाळी बसवायला लावली, कडी वर सरकवून घेतली. दुपारी सगळ्या डब्यातल्या भाकरी एका परातीत कुस्करून त्यावर वरण ओतायची आणि लेकरांना गोल बसवायची. कुणाच्या डब्यात काय होतं आणि कुणाच्यात नव्हतं, ते परातीत कळायचं नाही.

तिची एक अट मात्र बायांना जाचायची. धाकट्या भावंडाला सोडायला थोरली बहीण आली आणि शाळेची वेळ असली, की मावशी पोर घ्यायची नाही. आधी हिला शाळेत घालून ये, असा आईला निरोप धाडायची. मंगलची थोरली आरती प्रियाच्याच वर्गात, एकाच बाकावर बसायची. मंगल तिला अधूनमधून घरी ठेवायची, धुणं-भांडं, भाऊ सांभाळणं. एक दिवस मंगल मावशीशी यावरून भांडली की माझी पोर, मी बघीन काय करायचं ते. मावशीने ऐकून घेतलं आणि स्वतःची उजवी कंबर थोपटून म्हणाली, “माझी शाळा हितं बसली व्हती, मंगल. तीन भाऊ. चौथीतनं.” तेवढंच. स्वतःबद्दल ती बोलल्याचं मला एवढंच आठवतं. आरती त्यानंतर रोज शाळेत गेली. दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी चिंच उदंड आली. मी एकदम मोठी खरेदी केली, हातात होतं नव्हतं ते सगळं घातलं. फोडलेली चिंच कोरड्या, बंद जागेत ठेवावी लागते, नाहीतर काळी पडते. मला दुसरी खोली पुरेना. मी मावशीला म्हणाले, दोन महिने लेकरांना बाहेरच्या पत्र्याच्या पडवीत घ्या.

ती म्हणाली, “चैत-वैशाखात पत्र्याखाली लेकरं भाजतील. दुसरीकडं खोली दे, न्हायतर ही राहू दे.”

मी माझ्या रीतीनं बोलत गेले. पडवीला हिरवी जाळी बांधून देते. बरं, कूलर आणते. दोन नाही, दीडच महिना. बरं, सकाळी खोलीत, दुपारी पडवीत. दर वेळी मी एक पाऊल खाली येत होते आणि वाट बघत होते की तिनं एक पाऊल वर यावं. सौदा असाच होतो, दोघं सरकतात. ती सरकली नाही. पहिल्यांदा जे बोलली तेच तिचं शेवटचं होतं. मला राग आला. मी म्हणाले, शेड माझं आहे. हेही म्हणाले की फुकट खोली दिली त्याचं हे फळ.

प्रिया तेव्हा चौथीत होती. मला स्वतःला त्या खोलीची गरज उरली नव्हती. हे मी त्या दिवशी मनाशीसुद्धा बोलले नाही.

“बरं,” मावशी म्हणाली. संध्याकाळपर्यंत थांबली, एकेक लेकरू आईच्या हातात दिलं, घुंगरं पिशवीत टाकली, झोळ्या सोडल्या, चित्र काढलं, आणि निघाली. मी शेडाच्या दारात उभी होते. मला वाटलं, हे उठून चाललेलं गिऱ्हाईक आहे. मी पावलं मोजत होते. दहा झाली. पिशवीतली घुंगरं वाजत होती. शेडापुढच्या लिंबाच्या झाडापाशी ती थांबेल असं वाटलं, थांबली नाही. रस्त्यावर थांबली, आणि माझ्या मनात आलं, आता वळणार, आपण लगेच हो म्हणायचं नाही. एक टेम्पो जायचा होता म्हणून ती थांबली होती. तो गेल्यावर तिनं रस्ता ओलांडला.

मी हाक मारली नाही. तिला पाठीवरून ओळखण्यात माझी चूक झाली, कारण मला वाटलं ती सौदा करते आहे. ती कधीच करत नव्हती. मिरची चावलेल्या पोरीला घेऊन मी तिच्या दारात गेले त्या दिवसापासून मला हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी खोली चिंचेनं भरली. बाया लेकरं घेऊन शेडात आल्या. मी पडवीला जाळी बांधली, कूलर आणला, बोलले होते ते सगळं केलं. पण लेकरांकडं बघायला कुणी नव्हतं. एका बाईला ठेवलं, ती चार दिवसांत पळाली. दुसरी दुपारी झोपायची. मग मंगल म्हणाली, आरतीला आणते, तिला सवय आहे. मी हो म्हणाले. नऊ वर्षांची पोर कडेवर एक आणि हाताला एक घेऊन पडवीत फिरायची. घामानं तिचे केस कपाळाला चिकटलेले असत. संध्याकाळी प्रिया शाळेतून येऊन तिला विचारायची, उद्या शाळेत येणार का. त्या उन्हाळ्यात आणखी दोघींच्या थोरल्या पोरी घरी बसल्या.

दहा दिवसांनी मी मावशीच्या घरी गेले. समजूत काढायला गेले होते, पण तोंड उघडल्यावर त्यातून सौदाच निघाला. खोलीत मधे पत्रा घालते, निम्मी तुमची. मावशीने चहा दिला. म्हणाली, गुडघे दुखतात, आता होत नाही. मी चढ्या आवाजात बोलायला लागले, तर तिने माझ्यासमोर बशी सरकवली, “आधी पी, निवतोय.”

गुडघ्याचंच तिने सगळ्यांना सांगितलं. वस्तीत, बायांना, मंगललासुद्धा. शोभानं काढलं, असं ती कुठंही म्हणाली नाही. मी तयारीत होते. कुणी एक शब्द बोललं असतं तर मी भर चौकात तिचा आणि त्यांचा समाचार घेतला असता. कुणीच बोललं नाही. नंतर केव्हातरी मंगलनेच मला सांगितलं, की मावशी म्हणाली होती, तिला नावं ठिवू नका, वीस बायांची चूल त्या शेडावर हाय. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. माझ्यावर उपकार करायचा अधिकार तिला कुणी दिला?

ती खोली पुढं रिकामी झाली. फोडलेली चिंच विकली, नफा झाला. त्या मालातल्या एका पोत्यात खोलीत पडून राहिलेलं एक घुंगरू गेलं होतं. लांबच्या व्यापाऱ्याचा फोन आला, बाई, चिंचेबरोबर दागिना पाठवला का. तो हसत होता. मी त्याच्यावर ओरडले आणि फोन ठेवला. नंतर परत मागून घ्यायला हवं होतं, ते सुचलं नाही.

आज खोलीत लेकरं नाहीत. सांभाळणारी मिळते ती बायांना परवडत नाही, आणि परवडते तिच्या हातात पोर द्यावंसं वाटत नाही. मी माझ्या पदरचं घालूनही दोन वेळा प्रयत्न केला. बाया अजूनही लेकरं शेजारी बसवून चिंच फोडतात आणि एक हात सारखा लेकराकडं जातो. झोळीचे आकडे वरच्या लोखंडाला तसेच आहेत. प्रिया बार्शीला कॉलेजात आहे. आरती तिच्याच वयाची, माझ्या शेडात आईशेजारी बसते. सगळ्यात वेगानं चिंच तीच फोडते. सुट्टीला प्रिया आली की दोघी बोलतात, पण प्रिया थोड्या वेळाने मोबाईल काढते आणि आरती परत ठोकायला लागते.

मावशीला मी शेवटचं बघितलं ते तिने शेड सोडलं त्याच वर्षी, शाळा उघडायच्या आधी. परंड्याच्या स्टँडवर कुर्डूवाडीची गाडी लागली होती. मी पार्सल सोडायला गेले होते. मावशी खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. मुलगा आणि सून दोघं कंपनीत, त्यांना बाळ झालं होतं, ते सांभाळायला पुण्याकडं चालली होती, हे मला आधीच कळलं होतं. गर्दी होती. खाली एक बाई चढायची धडपड करत होती. तिने जागा धरायला म्हणून आपलं वर्षाचं पोर खिडकीतून आत सरकवलं, आणि समोर कोण आहे ते न बघता मावशीच्या हातात दिलं. मावशीने घेतलं. पहिल्यांदा पायांचे तळवे बघितले.

मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हणाले, निघालात? ती म्हणाली, व्हय. मग म्हणाले, पत्रा आता काढून टाकणार आहे, पडवीवर कौलं घालते. ती म्हणाली, चांगलं हाय. मी अजून काही म्हणेन म्हणून ती थांबली. मी खोलीचं बोलले नाही. मला वाटलं, तिने विचारावं.

तिने खोलीचं विचारलं नाही. ती म्हणाली, “शोभा, शाळा सुरू व्हईल. आरतीचं नाव पाचवीत घालून ये. मंगल तुझं ऐकती.”

तिने माझ्याकडं काही मागितलं असं तेवढंच. कांद्याची निवड तोंडावर होती. पडवीत बारा लेकरं होती आणि त्यांच्याकडं बघणारी आरती होती.

“बघते,” मी म्हणाले.

मावशी बाजारात कधी भाव करायची नाही, पण बाजार तिला माहीत होता. तिने माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. मग ती बाई गर्दीतून वाट काढत गाडीत शिरली, तिने लांबूनच पोराला हात केला, आणि मावशी तिच्याकडं वळून म्हणाली, “जवळ ये. हातात घे.”